रूट टर्मिनल उघडायचं कसं आणि वेळेत बंद करायचं कसं: लिनक्सवर नवीन आलेल्यांसाठी

फोंड्याला आमच्या घरी एकच डेस्कटॉप आहे, जुना, त्यावर डेबियन हे लिनक्स टाकलेलं. चवथीला घर भरतं, मुंबईची मंडळी येतात, म्हापशाची आत्या येते, आणि सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो एका जागी गोळा करायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. त्या वर्षी मी /एसआरव्ही खाली फोटोंचं एक फोल्डर केलेलं, तिथे लिहायला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, लागतो म्हणून रूटचं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून बसलो, आधी जुना पसारा आरएम -आरएफ * करून साफ केला, मग गणपतीवरची माटोळी बांधतानाचे सगळे फोटो सीपी ने कॉपी केले. तेवढ्यात आरतीला हाक आली म्हणून उठलो, टर्मिनल तसंच उघडं. आमच्याकडे आरत्या म्हणजे तासभर, मग गाऱ्हाणं, मग प्रसाद. इकडे माझा नऊ वर्षांचा पुतण्या गेम आहे का बघायला खुर्चीत बसला, वरच्या बाणाचं बटण दोनदा दाबलं, मग एंटर.

वरचा बाण म्हणजे आधीची कमांड परत येते. दोन पावलं मागे होतं आरएम -आरएफ *. फोल्डर रिकामं.

त्या पोराची काहीच चूक नाही. काही फोटो लोकांच्या मोबाईलमध्ये अजून होते ते परत मिळाले, आत्याने कॉपी झाले म्हणून डिलीट केलेले, ते कायमचे गेले. तेव्हापासून कोणालाही लिनक्स शिकवायला बसलो की पहिल्या दिवशी हाच विषय घेतो, कारण बहुतेक ठिकाणी रूट कसं व्हायचं हे सांगतात आणि रूटमधून बाहेर कधी यायचं हे सांगायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की रूट वाईट नाही, उघडं राहिलेलं रूट वाईट.

एक सूचना आधीच. खाली कमांड मी फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्यात, कीबोर्डवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या, जिथे कॅपिटल लागतं तिथे वेगळं सांगितलंय. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ. डॅश म्हणजे आडवी रेघ, तिच्या आधी स्पेस द्यायची, नंतर नाही.

आधी बघा, आत्ता तुम्ही कोण आहात

टर्मिनल उघडल्यावर ओळीच्या शेवटी $ दिसला तर तुम्ही साधे युजर, # दिसला तर रूट. ही खूण फार जुनी आहे आणि बहुतेक सगळ्या युनिक्सवर चालते. खात्री करायची तर हूअॅमआय टाका, नाव येतं. किंवा आयडी -यू टाका, 0 आला की रूट, कारण सिस्टिमला नावाशी घेणंदेणं नसतं, 0 नंबरचा युजर म्हणजे मालक, त्याला फाईलच्या परवानग्या अडवत नाहीत. साध्या युजरने चुकून काही पुसलं तर त्याच्या स्वतःच्या वस्तू जातात, रूटने पुसलं तर सगळ्या घराच्या.

काही महत्त्वाचं करण्याआधी ओळीचं शेवटचं चिन्ह बघायची सवय लावा. पहिले पंधरा दिवस मुद्दाम बघावं लागतं, मग डोळा आपोआप तिकडे जातो.

एका कामाला एक सुडो

आमची आजी सोवळं नेसून देवाचं करायची, आणि तेवढं झालं की सोवळं उतरवून वलणीवर टाकायची, सोवळ्यात कधी अंगणात गप्पा मारत बसली नाही की मासळी आली म्हणून बाहेर गेली नाही. सुडो हे असंच आहे. सुडो लिहून पुढे कमांड लिहिली की तेवढी एक कमांड रूट म्हणून चालते आणि ती संपली की तुम्ही परत आपले साधे युजर. सुडो एपीटी अपडेट केलं, पासवर्ड दिला, झालं, पुढच्या ओळीला परत $.

हे हत्यार 1980 च्या सुमाराला अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलं, आणि 1990 च्या दशकापासून टॉड मिलर ते सांभाळतायत. इतकं जुनं असूनही रोज वापरात आहे ते याच एका गुणामुळे. उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या 25.10 मध्ये रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो डिफॉल्ट आलाय, पण आपल्या रोजच्या वापरात हात तेच चालतात.

पासवर्ड टाकताना बहुतेक ठिकाणी स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत, आणि नवीन माणूस इथे हमखास घाबरतो की कीबोर्ड बंद पडला. बंद पडलेला नसतो, टाकत राहा आणि एंटर करा. लिनक्स मिंटवर आणि रस्टमधल्या सुडोच्या अलीकडच्या आवृत्तींत मात्र चांदण्या दिसतात, तिथे ती सेटिंग आधीच चालू असते. आणि हा पासवर्ड तुमचा स्वतःचा, रूटचा नाही. रूटचा पासवर्ड मागतो तो एसयू, म्हणजे दुसरा युजर व्हायची कमांड. उबंटूवर तर रूटच्या खात्याला पासवर्डच नसतो, ते खातं कुलूप लावूनच येतं. डेबियन इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड विचारतात ती जागा रिकामी सोडली तर तिथेही असंच होतं आणि तुमच्या युजरला सुडो मिळतो. मी सगळ्यांना ती जागा रिकामीच सोडायला सांगतो.

डेबियनवर सुडो नाहीये आणि तुम्ही एसयू करून रूट झालात, तर एसयू नुसता टाकू नका, एसयू, स्पेस, डॅश असा टाका. 2019 च्या डेबियन 10 पासून नुसत्या एसयूमध्ये रूटचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) येत नाही, मग यूजरमॉड सारखी साधी कमांड पण सापडत नाही म्हणून सांगतो आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. त्या एका डॅशसाठी मला पेडण्याहून रात्री दहाला फोन आलेला आहे.

पंधरा मिनिटं, आणि ती तुमच्या हातात

एकदा पासवर्ड दिला की सुडो थोडा वेळ परत विचारत नाही. मूळ सुडोत हा वेळ 5 मिनिटं आहे, डेबियन आणि उबंटू 15 ठेवतात. आणि प्रत्येक वेळी सुडो वापरला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. हा हिशोब त्या त्या टर्मिनलपुरता असतो, म्हणजे एका खिडकीत पासवर्ड दिला तरी शेजारच्या खिडकीत वेगळा विचारेल, ते त्रासाचं वाटतं पण बरोबर आहे.

आता चवथीच्या दिवशी परत जाऊ. मी जर रूटचं टर्मिनल न उघडता प्रत्येक ओळ सुडो लावून लिहिली असती तर तासाभराने पुतण्याने एंटर दाबल्यावर समोर पासवर्डची ओळ आली असती आणि तो कंटाळून उठला असता. फोटो वाचले असते.

पण आरती जर दहा मिनिटांत आटपली असती तर? तर नसते वाचले. म्हणून खुर्चीवरून उठताना सुडो -के टाकायचं, स्मॉल के. याने तो दिलेला वेळ तिथल्या तिथे रद्द होतो, फाईल वगैरे काही बिघडत नाही, पासवर्ड पण लागत नाही. कॅपिटल के टाकलात तर सगळ्या टर्मिनलांचा हिशोब एकदम पुसला जातो, उठताना मी तेच टाकतो. आणि सोबत स्क्रीन लॉक, विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि एल. दोन्ही मिळून तीन सेकंद लागत नाहीत.

उलटी गरज पण पडते. मोठं काम चाललंय, वेळ वाढवून हवाय, तर सुडो -व्ही, कमांड काही चालत नाही, नुसतं घड्याळ नवं होतं. आणि आपल्याला कशाकशाची परवानगी आहे ते बघायचं तर सुडो -एल.

घरात लहान मुलं आहेत किंवा दुकानातला पीसी आहे तर 15 मिनिटं जास्त आहेत, मी 3 करून ठेवलीत. ती सेटिंग बदलायची तर सुडो व्हिसुडो. सुडोअर्सची फाईल, म्हणजे सुडोचे नियम असतात ती, साध्या एडिटरने कधीच उघडू नका, कितीही घाई असली तरी, कारण त्यात एक अक्षर चुकलं तर सुडो काम करायचंच बंद करू शकतो आणि मग दुरुस्त करायला लागणारा सुडोच तुमच्याकडे नसतो. व्हिसुडो सेव्ह करण्याआधी लिहिलेलं तपासतो. चूक सापडली तर आता काय म्हणून विचारतो, तिथे ई दाबलं की परत एडिट, एक्स दाबलं की काही न बदलता बाहेर. कॅपिटल क्यू दाबलं तर चुकीसकट सेव्ह होतं, त्या वाटेला जायचं नाही.

त्या फाईलमध्ये डिफॉल्ट्सने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील, त्यांच्याखाली एक नवी ओळ: डिफॉल्ट्स, स्पेस, टाइमस्टॅम्प_टाइमआउट=3. डिफॉल्ट्सचा डी कॅपिटल, मधे अंडरस्कोर. 0 लिहिलं तर प्रत्येक वेळी विचारेल. उणे आकडा लिहिला तर वेळ कधी संपतच नाही, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आणि सगळं करून फाईल बिघडलीच तर डेस्कटॉपवर बहुतेक वेळा एक मागचं दार असतं, पीकेएक्झेक व्हिसुडो. ते सुडोच्या भरवशावर नसतं, वेगळी खिडकी उघडून पासवर्ड मागतं. ते पण नसेल तर मशीन रीस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होतानाच्या, मेनूतून रिकव्हरी मोड.

खरंच बराच वेळ रूट लागलं तर

लागतं कधी कधी. डिस्क बदलताय, दहा ठिकाणी हात घालायचाय, प्रत्येक ओळीला सुडो लिहिणं नको होतं. तेव्हा सुडो -आय. याने रूटचं स्वतःचं लॉगिन मिळतं, त्याचं घर, त्याच्या सेटिंग. काम झालं की एक्झिट, किंवा कंट्रोल आणि डी. सुडो -एस पण आहे पण त्यात तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असता तिथेच राहता, नवीन माणसाला -आय बरा, कारण तो तुम्हाला उचलून /रूट मध्ये नेऊन ठेवतो आणि जागा बदललीय हे लगेच दिसतं.

इथे दोन गोष्टी करून ठेवा, एकदाच करायच्या असतात. पहिली म्हणजे रूटची ओळ लाल करा. उबंटूवर /रूट/.बॅशआरसी फाईलमध्ये फोर्स_कलर_प्रॉम्प्ट=येस अशी ओळ पुढे # लावून बंद ठेवलेली असते, तो # काढा, आणि खाली पीएस1 ने सुरू होणाऱ्या ओळीत 01;32 दिसेल त्याच्या जागी 01;31 लिहा. 32 म्हणजे हिरवा, 31 म्हणजे लाल. आता सुडो -आय केलं की लाल अक्षरं, आपल्या टर्मिनलला हिरवी. पाच खिडक्या उघड्या असल्या तरी लांबून कळतं कुठली कुठली.

दुसरी म्हणजे त्याच फाईलच्या शेवटी टीएमआउट=300, सगळी अक्षरं कॅपिटल, मधे स्पेस नाही. हे 300 सेकंद आहेत. रूटचं टर्मिनल पाच मिनिटं नुसतं रिकामं बसलं तर ते स्वतःच बंद होतं. एखादी कमांड चालू असेल तर ती मधेच तोडत नाही, ती संपून ओळ परत आली की मगच मोजायला लागतं. ही एक ओळ त्या चवथीला असती तर मी बाकी सगळं विसरलो असतो तरी चाललं असतं.

फाईल बदलताना होणारे घोळ

यावर जरा थांबतो कारण रडत आलेले बहुतेक लोक इथलेच असतात.

सिस्टिमची फाईल बदलायचीय म्हणून लोक सुडो लावून ग्राफिकल एडिटर नाहीतर फाईल मॅनेजर उघडतात. तो प्रोग्राम मग रूट म्हणून चालतो आणि तुमच्याच घरातल्या .कॉन्फिग नाहीतर .कॅश मध्ये रूटच्या नावाने फाईल टाकून ठेवू शकतो. आज काही कळत नाही, पुढच्या आठवड्यात सेटिंग सेव्ह होत नाहीत, आणि वाईट म्हणजे .एक्सअथॉरिटी (डेस्कटॉप उघडायला लागणारी फाईल) रूटच्या नावावर गेली तर लॉगिन केलं की परत लॉगिनचीच स्क्रीन येत राहते. डिचोलीच्या एका मुलाने यासाठी आख्खं मशीन फॉरमॅट केलेलं. काही गरज नव्हती. कंट्रोल, आल्ट, एफ3 दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करायचं आणि सुडो सीएचओन, मग आपलं नाव, कोलन, परत आपलं नाव, स्पेस, फाईलचं नाव. मालकी परत आली की दार उघडतं.

त्यापेक्षा सुडो -ई वापरा, पुढे फाईलचं नाव. हा आधी फाईलची एक नक्कल काढतो, एडिटर तुमच्या नावाने चालवतो आणि तुम्ही सेव्ह करून बाहेर आलात की नक्कल जागेवर नेऊन ठेवतो. एडिटरला रूट मिळतच नाही. ग्नोम डेस्कटॉपच्या फाईल मॅनेजरमध्ये पत्त्याच्या जागी अॅडमिन, कोलन आणि तीन स्लॅश लिहून पण तसंच करता येतं, ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांना ते सोपं पडतं.

दुसरा घोळ, सुडो इको करून पुढे > लावून फाईलमध्ये लिहायला जातात आणि परवानगी नाही असं येतं. सुडो लावला तरी का नाही, म्हणून चिडतात. कारण सुडो लागला फक्त इकोला, > चं काम तुमचं साधं टर्मिनल करतं आणि त्याला परवानगी नाहीये. इको करून उभी रेघ द्यायची आणि पुढे सुडो टी -ए आणि फाईलचं नाव, म्हणजे शेवटी जोडलं जातं. -ए विसरलात तर आधीचं सगळं पुसून फक्त नवीन ओळ राहते, म्हणून हे लिहून एंटर करण्याआधी एकदा बोट ठेवून वाचा.

आणि परवानगीचा प्रश्न आला की सीएचमॉड -कॅपिटल आर 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, मारायचा सल्ला मिळाला तर मारू नका. तोच सगळ्या /ईटीसी वर मारला तर सुडोअर्स फाईल कोणालाही लिहिता येते असं बघून सुडो स्वतःच काम करायला नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

लाईट जाते त्याचं काय

जूनचा पहिला पाऊस आणि लाईट हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अपग्रेड अर्ध्यावर असताना गेली तर पॅकेजं अर्धवट राहतात. लाईट आली की सुडो डीपीकेजी, मग दोन डॅश लावून कॉन्फिगर, मग -ए, बहुतेक वेळा एवढ्यावर उरलेलं काम पूर्ण होतं. मोठं अपग्रेड गडगडत असताना सुरू करू नका, आणि छोटा का होईना यूपीएस घ्या.

चुकून खिडकी बंद झाली तर मात्र टीमक्स नावाचा प्रोग्राम वाचवतो. आधी टीमक्स टाका, आत अपग्रेड चालवा, मग खिडकी गेली तरी आतलं काम चालू, टीमक्स अटॅच केलं की परत समोर. फक्त टीमक्स आपल्या नावाने सुरू करायचा आणि आत सुडो वापरायचा. सुडो टीमक्स असं केलंत तर रूटचं एक टर्मिनल पडद्यामागे जिवंत राहतं आणि खिडकी दिसत नाही म्हणून ते आहे हे लक्षातच राहत नाही.

दुसऱ्या माणसाला हात लावू द्यायचा तर

मी काही महिने एका ऑफिसात काम बघत होतो तिथे रूटचा पासवर्ड एका चिठ्ठीवर, चिठ्ठी कीबोर्डखाली, सहा जण वापरायचे. एक दिवस हिशोबाचं फोल्डर गेलं. लॉगमध्ये फक्त रूट दिसतो, रूट कोण होता ते कसं कळणार, आणि संशय गेला नवीन लागलेल्या मुलीवर. तिने काही केल्याचं कधी सिद्ध झालं नाही पण तिने नोकरी सोडली. मला ते अजून लागतं.

म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाला त्याच्या नावाने सुडो. मग डेबियन आणि उबंटूवर /व्हार/लॉग/ऑथ.लॉग मध्ये, किंवा जर्नलसीटीएल मध्ये, कोणी, कुठल्या टर्मिनलवरून, कुठल्या फोल्डरमध्ये उभं राहून, काय चालवलं ते नावानिशी येतं. फेडोरावर जर्नल बघा. हा लॉग खऱ्याखोट्याचा निवाडा करतो, आणि निर्दोष माणसाला वाचवतो.

पूर्ण सुडो द्यायचा तर डेबियनवर सुडो अॅडयूजर, त्याचं नाव, मग सुडो हा ग्रुप. फेडोरात ग्रुपचं नाव व्हील. तिथे यूजरमॉड -ए कॅपिटल जी वापरतात, त्यातला ए गाळलात तर तो माणूस बाकीच्या सगळ्या जोडीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, स्वतःला दुसऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये टाकताना गाळलात तर स्वतःचा सुडो गमवाल. आणि नवीन ग्रुप लागू व्हायला एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं.

पण बहुतेकांना पूर्ण सुडो लागतच नाही. आमच्या गावच्या वाचनालयात प्रिंटर अडकतो, तो सोडवायला सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट कप्स (कप्स म्हणजे प्रिंटिंग सांभाळणारा प्रोग्राम) एवढी एकच कमांड पुरते, तर तिथल्या ताईंना तेवढीच दिलीय. सुडो व्हिसुडो -एफ /ईटीसी/सुडोअर्स.डी/प्रिंटर अशी वेगळी फाईल उघडायची आणि त्यात ओळ: त्यांचं युजरनेम, मग ऑल कॅपिटलमध्ये, बरोबरचं चिन्ह, कंसात रूट, आणि कमांडचा पूर्ण पत्ता /यूएसआर/बिन/सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट कप्स. फाईलच्या नावात टिंब ठेवू नका, टिंब असलेल्या फाईल तिथे वाचल्याच जात नाहीत, आणि माझी एक आख्खी दुपार त्या टिंबाने खाल्लीय. व्हिम हा एडिटर किंवा फाईल वाचायचा लेस यांची अशी परवानगी कधी देऊ नका, त्यांच्या आतून टर्मिनल उघडता येतं आणि ते रूटचंच उघडतं.

अपडेट टाळू नका, हे सुडोलाच लागू आहे. जानेवारी 2021 मध्ये क्वालिस कंपनीच्या लोकांनी सुडोतलं एक भोक दाखवलं, बॅरन सामेडिट नावाचं, 2011 पासून तिथेच होतं, कुठलाही साधा युजर त्यातून रूट होऊ शकत होता. वर्षभराने पीकेएक्झेक मध्ये तसंच निघालं. दोन्हींची दुरुस्ती लगेच आली, पण ती मिळाली अपडेट करणाऱ्यांना.

रात्री मशीन बंद न करता झोपायचं असेल तर आधी पीग्रेप -यू रूट -ए बॅश टाका. रूटच्या नावाने कुठेतरी बॅश उघडा राहिला असेल तर त्याची ओळ येते, एखादी स्क्रिप्ट चालू असली तरी दिसू शकते म्हणून पुढचं नाव नीट वाचा. ती खिडकी शोधा, एक्झिट करा, परत टाका. काहीच आलं नाही की सुडो -कॅपिटल के, स्क्रीन लॉक, आणि झोपा.